घरावरचें छप्पर कोणाचें?

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे, कीं घर बांधणें हेंच काय तें कठीण कर्म, असा सर्वांचा समज होऊन बसला आहे. वस्तुतः घर एकदां बांधलें जातें आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्या तें राखावें लागतें. बांधणाऱ्याचें नांव दाराच्या चौकटीवर लागतें. राखणाऱ्याचें नांव कोठेंच लागत नाहीं. कदाचित् त्यामुळेंच राखण्याचें काम हें ज्याच्या त्याच्या मतें दुसऱ्याचें असतें. छपराच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. दार मोडलें तर उघडतांना समजतें, जमीन उखडली तर पायाला लागते. छप्पर मात्र डोक्यावर असूनही डोळ्यांआड असतें. तें बिघडल्याची पहिली वर्दी मिळते ती आषाढांतल्या एखाद्या रात्रीं अंथरुणावर थेंब पडूं लागतात तेव्हां; आणि त्या वेळीं पातेलें खालीं ठेवण्यापलीकडे कांहींच करतां येत नाहीं.

विरार स्टेशनापासून पश्चिमेस आगाशी-अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोळिंज हें गांव आहे. केळींच्या व फुलांच्या वाड्या, विहिरी, आणि त्यांच्यामध्यें मंगलोरी कौलांचीं ओटी-पडवीचीं घरें, असें या भागाचें पूर्वींचें रूप. १९३६ सालीं विजेची आगगाडी विरारपर्यंत धांवूं लागली आणि मुंबईची नोकरी व गांवचें घर हीं दोन्ही एकाच माणसाला सांभाळतां येऊं लागलीं. आज हें गांव २००९ सालीं स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. येथेंच म्हाडाच्या बहुमजली इमारतींची मोठी वसाहत उभी राहिली आहे. या उंच इमारतींच्या पायथ्याशीं जुनीं कौलारू घरें अद्यापि टिकून आहेत. परंतु अशा घरांतील सारें कुटुंब आतां एका छपराखालीं राहत नाहीं. एक भाऊ जवळच्या इमारतींत, दुसरा पुण्यास, तिसरा परदेशीं, आणि घरांत एखादी वृद्ध काकू व गणपतीच्या दिवसांत सर्वांची ये-जा, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं आढळतो. छप्पर एक आणि वारस सात! मग त्या छपरावरचें फुटकें कौल बदलावयाचें कोणीं? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

एका फुटक्या कौलाचा हिशेब

पाऊस किती पडतो हें आपण इंचांत किंवा मिलिमीटरांत वाचतों, परंतु त्याचें आपल्या घरापुरतें माप कधीं काढीत नाहीं. तें काढणें अगदीं सोपें आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. वसईच्या बाजूस एका पावसाळ्यांत सुमारें दोन हजार मिलिमीटर, म्हणजे ऐंशी इंचांच्या आसपास, पाऊस पडतो. घरानें व्यापलेली जागा दीडशें चौरस मीटर धरली, तर चार महिन्यांत त्या छपरावर तीन लाख लिटर पाणी कोसळतें. एवढा भार सुमारें अडीच हजार कौलें मिळून वळचणीपर्यंत पोंचवितात आणि आपण निश्चिंतपणें खालीं भोजन करीत असतों.

आतां या अडीच हजारांतील एकच कौल फुटलें आहे असें समजा. त्याच्यावर केवळ त्याच्या वांट्याचा पाऊस पडत नाहीं. त्याच्यापासून आढ्यापर्यंतच्या साऱ्या ओळीचें पाणी त्याच्यावरून वाहतें. पाख्याच्या मध्यावर असलेल्या कौलावरून एका मोसमांत सुमारें हजार लिटर पाणी जातें. त्याचा दहावा हिस्सा जरी भेगेंतून आंत शिरला, तरी शंभर लिटर पाणी खालच्या लाकडावर पडलें! तें सर्वच खालीं ठिबकलें असतें तर बरें झालें असतें, कारण मग तें दिसलें तरी असतें. पण पुष्कळसें पाणी रिपेच्या व वाशाच्या आधारानें सरकत जातें आणि दोन-तीन हात दूर भिंतींत मुरतें. म्हणून ओल जेथें दिसते त्याच्या बरोबर वर गळती नसते. तिचें मूळ चढाच्या दिशेनें, आढ्याकडे शोधावयाचें असतें.

लाकूड हें ओलें होऊन वाळलें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु त्यांतील ओलाव्याचें प्रमाण शेकडा वीसच्या वर बराच काळ राहिलें, कीं बुरशीला तेथें आश्रय मिळतो आणि लाकूड आंतून भुसभुशीत होऊं लागतें. ओलसर लाकडाकडे वाळवीही लौकर वळते. सागाचा गाभा या दोघांनाही पुष्कळ दाद देत नाहीं, पण त्याच्याच बाहेरचा पांढरट भाग त्यांचें आवडतें खाद्य आहे. आणि रिपा बहुधा हलक्या लाकडाच्याच असतात. या सर्व गोष्टी एकामागून एक कशा घडतात व त्यांची किंमत कशी चढत जाते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कौल बदलावयास एक माणूस व एक घटका पुरते. कुजलेली रीप बदलावयाची तर तिच्यावरची कौलांची ओळ उतरावी लागते. वासा बदलावयाचा तर अर्धें पाखें उघडें करावें लागतें. आणि तुळई बदलावयाची वेळ आली, म्हणजे घर रिकामें करून माणसांनाच दुसरीकडे राहावयास जावें लागतें. पहिल्या पायरीवर जो खर्च भाजीच्या पैशांतून निघाला असता, त्यासाठीं चौथ्या पायरीवर दागिने किंवा जमीन यांच्याकडे पाहण्याची पाळी येते.

छप्पर गेलें म्हणजे काय राहतें, हें पाहावयास बोळिंजकरांना दूर जावयास नको. वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें घेतला. पुढें त्यांतील बहुतेक पोर्तुगीज इमारती ओस पडल्या. आज तेथें भक्कम दगडी भिंती व कमानी उभ्या आहेत. परंतु बहुतेक वास्तूंवर छपरें नाहींत, आणि छपरें नसल्यामुळें त्या प्रेक्षणीय असूनही निवाऱ्याच्या राहिलेल्या नाहींत. भिंती कितीही जाड असल्या तरी घराला घरपण येतें तें वरच्या आच्छादनानें.

मंगलोरी कौलाचे गुण व मर्यादा

ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतों त्याची मूळ कल्पना फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील आहे. तेथील झिलार्दोनी बंधूंनीं एकमेकांत अडकणारीं खांचेचीं कौलें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारांत आणलीं. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगलोर येथें कारखाना सुरू केला, आणि नेत्रावतीच्या कांठच्या चिकणमातीचीं हीं कौलें मलबारपासून मुंबईपर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर पसरलीं. पूर्वींचे नळे वाऱ्यानें सरकत, मांजरें व माकडें त्यांची उलथापालथ करीत, म्हणून सबंध छप्पर दरवर्षीं शाकारावें लागे. मंगलोरी कौलें खांचेंत अडकून बसतात, त्यामुळें तो व्याप कमी झाला. पण यांतूनच एक गैरसमजही रूढ झाला. शाकारणी कमी झाली म्हणजे देखरेखीचीही गरज उरली नाहीं, असें लोक मानूं लागले.

या कौलांच्या कांहीं अटी आहेत. पहिली, उतार. लांबीच्या मानानें निम्मी उंची, म्हणजे दोन हातांस एक हात, इतका तरी चढ असावा. पडवी वाढवितांना पुष्कळ जण जुनें छप्परच कमी उतारानें पुढें ओढतात. मग समुद्रावरचा वारा पाण्याला उलटें ढकलून कौलांच्या सांध्यांतून आंत घालतो आणि एकही कौल फुटलेलें नसतांना पडवी गळते. दुसरी अट, सारखेपणा. निरनिराळ्या कारखान्यांच्या खांचा एकमेकींत नीट बसत नाहींत. कौलाच्या खालच्या अंगास कारखान्याचें नांव उमटविलेलें असतें, तें पाहून त्याच जातीचीं पन्नास-शंभर कौलें परसांत उभीं करून ठेवावींत. मंगलोरकडचे जुने कारखाने एकामागून एक बंद पडले आहेत. म्हणून शेजारचें जुनें घर उतरत असेल तर त्याचीं चांगलीं कौलें मागून घेण्यांत कमीपणा मानूं नये. तिसरी अट, भाजणी. चांगलें कौल बोटाच्या पेरानें वाजविलें तर खणखणतें. बद्द आवाज आला तर त्यांत भेग आहे असें समजावें. रात्रभर पाण्यांत ठेवल्यावर त्याचें वजन पांचव्या हिश्शाहून अधिक वाढूं नये.

अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत

छपराची पाहणी करण्याचा खरा काळ अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होतो आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यांत, संपतो. त्यासाठीं प्रथम छपरावर चढण्याची गरज नाहीं. भर दुपारीं माळ्यावर जाऊन खिडक्या लावून घ्याव्या व दिवे मालवावे. जेथून सूर्याचा कवडसा आंत येतो, तेथून पाणीही येणार हें निश्चित! अशा प्रत्येक ठिकाणीं खालच्या वाशावर खडूनें खूण करावी. नंतर टांचणी किंवा बारीक दाभण घेऊन रिपा व वासे यांच्या टोंकांशीं, विशेषतः भिंतींत शिरणाऱ्या भागीं, टोंचून पाहावें. चांगल्या लाकडांत टोंक अडतें. कुजक्या लाकडांत तें सहज शिरतें. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर चढतांना दिसल्या तर वाळवी आली आहे असें जाणावें.

वर चढणाराला कमरेस दोर बांधल्याशिवाय चढूं देऊं नये. पाय कौलाच्या मधोमध न देतां, जेथें तें रिपेवर टेकलेलें असतें तेथें द्यावा, किंवा आडवी शिडी टाकून तिच्यावरून चालावें. नाहीं तर एक कौल बदलावयास गेलेला माणूस पांच फोडून येतो. झाडलोट करतांना सर्वांत अधिक लक्ष दोन पाखीं जेथें आंतल्या कोनांत मिळतात तेथील पन्हळीकडे द्यावें. दोन्ही पाख्यांचें पाणी तेथें एकवटतें, आंब्याचीं व फणसाचीं पानें तेथेंच अडकतात, आणि खाऱ्या वाऱ्यानें तेथील पत्रा सर्वांआधीं गंजतो. ही पन्हळ पावसाळ्यापूर्वीं एकदां व पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हां एकदां साफ करावी. छपरावर टेकणाऱ्या फांद्याही याच वेळीं छाटाव्या.

आढ्यावरच्या कौलांचा सांधा उखडला असेल, तर गवंडी बहुधा निव्वळ सिमेंटचा जाड थर देऊन मोकळा होतो. तो पहिल्या वर्षीं मोठा भक्कम दिसतो. परंतु उन्हानें कौलें फुगतात व पावसानें आखडतात. त्या हालचालीला कडक सिमेंट साथ देत नाहीं व त्यास बारीक तडे जातात. जुने लोक यासाठीं चुना वापरीत, त्यांत शहाणपण होतें. आजही मिश्रणांत चुन्याचा अंश ठेवणें हितावह.

निळ्या प्लॅस्टिकच्या कापडाचा अलीकडे फार प्रसार झाला आहे. वादळांत छप्पर उघडें पडलें, तर तें कापड म्हणजे देवदूतच होय. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलें, तेव्हां त्याचा उपयोग झाला. त्यापूर्वीं ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें रायगडच्या किनाऱ्यावरील असंख्य घरांचीं कौलें उडविलीं, तेव्हांही झाला. परंतु तेंच कापड दुरुस्तीच्या ऐवजीं वर्षानुवर्षें पसरून ठेवणें हा मात्र घातक उपाय आहे. कौलारू छपराचा मोठा गुण असा, कीं कौलांच्या सांध्यांतून वारा खेळतो व ओलें झालेलें लाकूड वाळतें. वरून प्लॅस्टिक आलें, कीं तो वारा बंद होतो; गळती थांबलेली दिसते, पण लाकूड झांकलेल्या ओलीनें कुजत राहतें. दोन्ही वादळें पावसाळ्याच्या तोंडावर आलीं होतीं, हेंही विसरतां कामा नये. मे महिना संपेपर्यंत काम लांबविणाराला यापुढें तितकी सवड मिळेलच असें नाहीं.

इमारतींत राहणाऱ्यांनीं ‘आम्हांला छप्पर नाहीं, आमच्यावर गच्ची आहे’ असें म्हणून हें पान उलटूं नये. गच्चींत साचलेलें पाणी स्लॅबमध्यें मुरतें, आंतल्या लोखंडी सळया गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापीत असल्यामुळें भोंवतालचें काँक्रीट फुटून निघतें. समुद्रकांठीं ही क्रिया अधिक वेगानें होते. गच्चींतील पाणी जाण्याचीं तोंडें मोकळीं ठेवणें हें तेथील कौल बदलण्याइतकेंच स्वस्त व तितकेंच दुर्लक्षित काम आहे. तीस वर्षें झालेल्या इमारतींची मान्यताप्राप्त अभियंत्याकडून तपासणी करून घेणें तर महानगरपालिकांच्या कायद्यानेंच आवश्यक केलें आहे.

भागीचें घोडें

हें सर्व ठाऊक नसतें म्हणून घरें पडतात काय? आमचें मत असें, कीं बहुधा नाहीं. कोठें गळतें हें घरांतील स्त्रियांना नेमकें माहीत असतें. पातेलीं त्याच मांडतात, गाद्या त्याच सरकवितात. परंतु पैसा ज्यांच्या हातीं आहे ते पावसांत तेथें नसतात, आणि गणपतीला जमतात तेव्हां चार दिवसांच्या आनंदांत छपराचा विषय काढणें कोणासही प्रशस्त वाटत नाहीं. मुंबईचा म्हणतो, ‘राहतो तो करील.’ राहणारा म्हणतो, ‘घर सर्वांचें, मीच एकट्यानें कां करावें?’ तिसऱ्याला भीति वाटते, कीं आपण खर्च केला तर हक्क सांगण्यासाठीं केला असें बोललें जाईल. ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच रचलेली नाहीं. अशा रीतीनें दहा-बारा वर्षें जातात, चौथी पायरी येते, आणि मग खर्चाचा आंकडा ऐकून सर्व भाऊ प्रथमच एकमतानें म्हणतात, कीं आतां घर विकासकाला देऊन टाकावें. विचारपूर्वक घर विकणें हा वेगळा भाग. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु विकण्याची कोणाचीच इच्छा नसतां केवळ कौलें वेळच्या वेळीं बदललीं नाहींत म्हणून वडिलार्जित वास्तु जावी, आणि त्या वास्तूंत जिचें सारें आयुष्य गेलें त्या वृद्धेनें शेवटच्या वर्षांत घर बदलावें, ही गोष्ट खेदाची होय.

यावर उपाय नव्यानें शोधावयास नको. तो सहकारी गृहनिर्माण संस्थांनीं अगोदरच घालून दिला आहे. त्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभालीसाठीं दरवर्षीं बांधकामखर्चाच्या निदान शेकडा पाऊण व मोठ्या पुनर्बांधणीच्या निधीसाठीं निदान शेकडा पाव इतकी रक्कम बाजूस काढण्याचा दंडक आहे. दोन्ही मिळून शेकडा एक. एकमेकांना न ओळखणारीं शंभर बिऱ्हाडें जें करूं शकतात, तें एका आजोबांच्या नातवंडांना करतां येऊं नये काय? तेंच घर आज बांधावयास वीस लाख रुपये लागतील असें धरलें, तर वर्षाचे वीस हजार होतात. वारस सात असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास वर्षाकांठीं तीन हजारांहूनही कमीच येतात. यासाठीं एक निराळें खातें असावें, आणि ही रक्कम हक्काची खूण नसून छपराची पट्टी आहे, हें सर्वांनीं एकदां बसून लिहून ठेवावें. पुढें वांटणीचा प्रसंग आलाच, तर या लेखामुळें कोणाच्या मनांत किंतु राहणार नाहीं.

दुसरी गोष्ट, एक वही. घरांत राहणाऱ्या गृहिणीच्या हातीं ती असावी. पावसाळ्यांत कोणत्या दिवशीं, कोणत्या खोलींत, कोणत्या दिशेच्या वाऱ्यानें गळलें हें तिनें लिहावें. उन्हाळ्यांत काय दुरुस्त केलें, किती कौलें लागलीं, कोणता गवंडी आला होता हेंही त्याच वहींत यावें. दोन-तीन वर्षांत ही वही अशी बोलूं लागते, कीं नवा कारागीर आला तरी त्याला चांचपडावें लागत नाहीं. आणि खर्च मंजूर करण्याचा अधिकार, निदान लहान कामापुरता, जिच्या हातीं वही तिच्याच हातीं असावा. गळती जिला दिसते तिला पुण्याहून परवानगी येण्याची वाट पाहावी लागूं नये.

तिसरी गोष्ट, एक दिवस. मे महिन्यांत मुलांना सुट्टी असते. त्यांतील एक रविवार छपराचा म्हणून ठरवावा व त्या दिवशीं सर्वांनीं घरीं यावें. मुलांना माळ्यावर नेऊन कवडसे शोधावयास लावावें. त्यांना तो खेळच वाटेल. त्यांतूनच आढें कोणतें, वासा कोणता, पणजोबांनीं आणलेल्या कौलांवर कोणाचें नांव आहे, हें त्यांना कळेल. ज्या मुलानें आपल्या हातानें एक कौल बसविलें, तें मूल पुढें कोठेंही गेलें तरी पहिल्या पावसाची बातमी ऐकून घरच्या छपराची आठवण केल्याशिवाय राहणार नाहीं.

छप्पर कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत हिश्शांच्या रूपानें मिळेल. व्यवहारांत मात्र त्याचें उत्तर एकच आहे: जो त्याच्याकडे वर्षांतून एकदां मान वर करून पाहतो, त्याचें. वाचकांच्या घरीं असें पाहणारें एक तरी माणूस असावें, आणि त्यानें पाहण्याचा मुहूर्त मृगाच्या आधींचा असावा.